व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलेली राउटरची फाइल

मे २०२५ मध्ये पाऊस किती लवकर आला ते आमच्या सातारा भागातल्या लोकांना आठवत असेल. वळीव वळीव म्हणता म्हणता तो थांबलाच नाही. त्यातल्याच एका संध्याकाळी पाटणला जवळच कुठेतरी वीज पडली आणि लाइटीच्या झटक्यात शाखेतलं फायबरचं डबडं आणि त्याच्या मागचं मायक्रोटिक (त्या कंपनीचा राउटर) असे दोन्ही गेले. मी एका पतसंस्थेचं नेटवर्क बघतो. हेड ऑफिस कराडला, बाहेर नऊ शाखा, प्रत्येक शाखेत गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटचं दार म्हणून एक छोटं मायक्रोटिक आणि तिथून हेड ऑफिसपर्यंत वायरगार्डचं टनेल, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी कुलूपबंद खासगी वाट, एवढाच सगळा पसारा. पण त्या टनेलवरच काउंटर चालतं, ते बंद पडलं की पासबुक छापण्यापासून सगळं बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंटरनेट कंपनीच्या माणसानं फायबर जोडून दिलं, मी स्पेअर राउटर घेऊन पाटणला पोचलो, बाहेर पिग्मी एजंट आदल्या दिवसाचं कलेक्शन भरायला उभे, आणि तेव्हा लक्षात आलं की या शाखेचा बॅकअप माझ्या लॅपटॉपवर नाहीच. आधीचा लॅपटॉप बदलला तेव्हा राहून गेला असणार. हेड ऑफिसच्या मशीनवर बघायला सांगितलं, तिथेही नाही. शेवटी फोनवर आमच्या सपोर्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शाखेचं नाव टाकून शोधलं आणि मिळाली, २०२३ मध्ये मीच टाकलेली आरएससी फाइल, म्हणजे राउटरच्या सगळ्या सेटिंगची टेक्स्ट फाइल. इम्पोर्ट केली, दोन इंटरफेसची नावं बदलली, चाळीस मिनिटांत शाखा चालू. मॅनेजर साहेबांनी चहा मागवला, म्हणाले बरं झालं तुम्ही जपून ठेवलं होतं.

जपून. तो शब्द घरी येईपर्यंत डोक्यात होता. रात्री जेवण झाल्यावर तीच फाइल परत उघडली, यावेळी घाई नव्हती म्हणून ओळ न ओळ वाचली, आणि झोप गेली.

ज्यांनी मायक्रोटिक वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. राउटरओएसमध्ये, म्हणजे मायक्रोटिकच्या सिस्टिममध्ये, सेटिंग बाहेर काढायचे दोन मार्ग आहेत. एक बायनरी बॅकअप, जो त्याच डिव्हाइसवर परत टाकण्यासाठी असतो, दुसऱ्यावर टाकला तर जुने मॅक अ‍ॅड्रेस (हार्डवेअरचे ओळख नंबर) पण सोबत येतात आणि नवीनच गोंधळ होतो. आणि ६.४३ व्हर्जनपासून तुम्ही स्वतः पासवर्ड दिला नाही तर तो बॅकअप एन्क्रिप्ट होतच नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, बायनरी आहे म्हणजे कुणाला वाचता येणार नाही असं वाटतं. दुसरा मार्ग एक्सपोर्ट, म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, सगळ्या कमांड एकाखाली एक. जुन्या सहाच्या मालिकेत एक्सपोर्ट केलं की पासवर्ड सरळ छापून यायचे, लपवायचे असतील तर हाइड-सेन्सिटिव्ह असं वेगळं लिहावं लागायचं. सातपासून उलटं झालं, आता पासवर्ड आपोआप लपतात आणि हवे असतील तर शो-सेन्सिटिव्ह लिहावं लागतं.

आमचे सगळे राउटर सातवर आहेत, वायरगार्ड सातमध्येच आलं. म्हणजे त्या फाइलमध्ये पासवर्ड दिसत होते याचा अर्थ मी २०२३ मध्ये शो-सेन्सिटिव्ह हा शब्द स्वतः टाइप केला होता. का केला तेही आठवतं. त्याशिवाय फाइल रिस्टोअरच्या कामाची राहत नाही, पासवर्डच्या जागा रिकाम्या येतात. पाटणला उभा होतो, नेट नुकतं सुरू झालं होतं, फाइल कुठेतरी ठेवायची म्हणून फोनवर घेतली आणि ग्रुपवर टाकली. हेतू चांगलाच होता, आणि दोन वर्षांनी त्याच फाइलनं शाखा वाचवली हेही खरं.

पण त्या ग्रुपवर चौदा जण आहेत. त्यातले दोघं नोकरी सोडून गेलेत, एक इंटरनेट कंपनीचा लाइनमन, एक यूपीएस दुरुस्त करणारा, एक सीसीटीव्हीवाला, आणि एका नंबरचा माणूस कोण हे मला आजही नीट सांगता येणार नाही. कुणावर शंका घ्यायची नाहीये, सगळे ओळखीचे, अडीनडीला धावून येणारे लोक आहेत. पण फाइल त्या चौदा फोनवर आहे, त्यांच्या गुगलच्या बॅकअपमध्ये आहे, आणि त्यातले किती फोन दरम्यानच्या काळात विकले गेले कोण जाणे. दोन वर्षांनी "सगळ्यांसाठी डिलीट" चा पर्याय पण येत नाही.

आता फाइलमध्ये होतं काय. इंटरनेटच्या पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायचं, युजरनेम आणि पासवर्ड. वायफायचा पासवर्ड, जो नऊच्या नऊ शाखांत एकच होता, म्हणजे एका शाखेची फाइल गेली की नऊ गेल्या. वायरगार्डची शाखेकडची प्रायव्हेट की, म्हणजे शाखेची ओळख पटवणारी गुप्त किल्ली, आणि सगळ्यात जास्त धास्ती तिचीच, कारण वायरगार्ड समोरचा माणूस कुठून आला ते बघत नाही, की बरोबर आहे का एवढंच बघतं. ती की लॅपटॉपवर टाकून कुणीही पुण्यात बसून "मी पाटण शाखा" म्हणू शकला असता आणि हेड ऑफिसनं दार उघडलं असतं. (आधीचा ट्रॅफिक कुणी साठवून ठेवला असेल तर तो या कीनं उलगडत नाही, वायरगार्डची रचनाच तशी आहे, तेवढा दिलासा.) राउटरवरच्या युजरचे पासवर्ड एक्सपोर्टमध्ये येत नाहीत, हा दुसरा दिलासा वाटला, पण तो पाचच मिनिटं टिकला. खाली एका फायरवॉल रूलच्या (कुणाला आत सोडायचं त्या नियमाच्या) कॉमेंटमध्ये कुणीतरी, बहुतेक आमच्याच आधीच्या इंजिनिअरनं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड लिहून ठेवला होता. आणि लिंक गेली की टेलिग्रामवर मेसेज टाकणारी एक स्क्रिप्ट होती, तिच्यात बॉटचं टोकन, म्हणजे त्याचा पासवर्डच, उघडं.

या शेवटच्या दोन गोष्टी मला मुद्दाम सांगायच्या आहेत. समजा मी शो-सेन्सिटिव्ह लिहिलं नसतं तरी हा कॉमेंटमधला पासवर्ड आणि स्क्रिप्टमधलं टोकन फाइलमध्ये आलंच असतं. राउटरला फक्त पासवर्डचे ठरलेले रकाने कळतात. कॉमेंट हा त्याच्या दृष्टीनं कॉमेंट, स्क्रिप्ट ही स्क्रिप्ट, त्यातल्या मजकुराचा अर्थ त्याला कुठून लागणार. म्हणून "आमचं एक्सपोर्ट तर लपवूनच येतं" यावर विसंबू नका, एकदा ती फाइल उघडून स्वतः वाचा.

दुसऱ्या दिवशी सीईओ साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. बोलताना अडखळत होतो खरा. की, टनेल, एक्सपोर्ट हे शब्द त्यांना नवीन. मग म्हटलं, साहेब, आपल्या स्ट्राँगरूमच्या किल्ल्यांचा फोटो दोन वर्षांपूर्वी मी चौदा जणांना पाठवलाय, त्यावरून किल्ली बनवता येते, कुणी बनवली की नाही सांगता येत नाही. ते एक मिनिट गप्प बसले आणि विचारलं, "कुलपं बदलायला किती दिवस लागतील?" इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न. फाइल पुसायची कशी, ग्रुप बंद करायचा का, असलं काही नाही, थेट कुलपं बदलायचं.

आधी कुणी घुसलं होतं का ते बघायचा प्रयत्न केला. हेड ऑफिसच्या राउटरवर पाटणच्या पिअरसमोर (टनेलच्या पलीकडच्या टोकासमोर) शेवटचा हँडशेक, म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांना शेवटचं कधी ओळखलं ते, आणि आत्ताचा एंडपॉइंट, म्हणजे ते टोक ज्या पत्त्यावर आहे तो पत्ता, दिसतो, तो नेहमीच्याच कंपनीच्या रेंजमधला होता. पण ते झालं आजचं. मागचं बघायला लॉग (राउटरच्या नोंदी) लागतात, आणि मायक्रोटिकमध्ये लॉग मेमरीत राहतात, काही बदललं नसेल तर हजार ओळी, त्यानंतर जुनं गळून जातं. आमच्याकडे हजार ओळी म्हणजे जेमतेम दीड दिवस. सर्ट-इननं (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची यंत्रणा) एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत, आणि आम्ही ठेवत नव्हतो. दोन वर्षांत कुणी आलं गेलं का याचं उत्तर आमच्याकडे नाही आणि आता कधी मिळणारही नाही. हेड ऑफिसमधल्या एका लिनक्स मशीनवर सगळ्या राउटरचे लॉग यायची सोय केली ती त्याच आठवड्यात.

मग कुलपं. सोपी सोपी आधी घेतली. टेलिग्रामचं टोकन बॉटफादरकडून (बॉट सांभाळायचा टेलिग्रामचाच बॉट) रिव्होक म्हणजे रद्द केलं, आणि नवीन टोकन परत राउटरवर टाकलंच नाही. लॉग आता एका मशीनवर येतात ना, मग मेसेजही तेच मशीन पाठवेल. टोकन नऊ ठिकाणी होतं ते एका ठिकाणी आलं, आणि खरं सांगतो हे आधीच असं का केलं नव्हतं याचं मला काही उत्तर सापडलं नाही. अ‍ॅडमिनचे पासवर्ड प्रत्येक राउटरला वेगळे. टेलनेट, एफटीपी, वेब हे राउटरमध्ये शिरायचे मार्ग बंद, विनबॉक्स (राउटर सांभाळायचा मायक्रोटिकचा प्रोग्राम) फक्त हेड ऑफिसच्या पत्त्यावरून. मायक्रोटिकवाल्यांना २०१८ आठवत असेल, विनबॉक्सच्या पोर्टमधून लॉगिन न करता राउटरवरची फाइल उचलता येत होती आणि युजरचे पासवर्ड तसेच बाहेर पडत होते. तेव्हापासून ते पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवणाऱ्याला मी बोलतोच.

वायफाय बदलताना जास्त त्रास झाला कारण तिथे माणसं येतात. प्रिंटर, टॅब, पिग्मीची मशीनं, मॅनेजरांचे फोन, एक एक करून जोडायचे. फलटणच्या मॅडम म्हणाल्या दादा, मार्च एंड झाला म्हणून आलात का त्रास द्यायला. पण बदललं, प्रत्येक शाखेला वेगळा.

वायरगार्डची की बदलायचं काम नाजूक, कारण ज्या टनेलवरून तुम्ही राउटरवर आत शिरलाय त्याचीच की बदलायची. फांदीवर बसून फांदी तोडायची नाही म्हणून आधी शेजारी दुसरी फांदी तयार केली. जुनं टनेल १३२३१ या पोर्टवर होतं, १३२३२ वर नवीन इंटरफेस केला. राउटर नवीन प्रायव्हेट की स्वतःच बनवतो, ती बाहेर काढायची गरजच नाही, फक्त पब्लिक की (तिची उघड जोडीदार) उचलून हेड ऑफिसला टाकायची. नवीन टनेलवर हँडशेक आला, पिंग गेलं, मग रूट तिकडे वळवले, दोन दिवस थांबलो, मग जुनं काढून टाकलं. सगळं सेफ मोडमध्ये, कंट्रोल आणि एक्स दाबून. आपला संपर्क मध्येच तुटला तर सेफ मोडमध्ये केलेले बदल राउटर थोड्या वेळानं आपोआप मागे घेतो. महाबळेश्वर शाखेला जुलैच्या पावसात हे काम करताना लिंक मध्येच गेली आणि मी कराडमध्ये स्क्रीनकडे बघत बसलो, काही मिनिटांनी शाखा जुन्या सेटिंगवर परत दिसायला लागली. त्या धुक्यात गाडी घालून वर जायचं वाचलं.

इथपर्यंत झालं की काम संपलं असं वाटलं होतं. पण मूळ प्रश्न तसाच होता. उद्या परत वीज पडली तर? बॅकअप तर पाहिजेच, आणि बॅकअपमध्ये पासवर्ड नको. दोन्ही कसं जमवायचं?

पहिलं केलं ते असं. लिनक्स मशीन रोज रात्री एसएसएचनं (सुरक्षित लॉगिननं) प्रत्येक राउटरचं साधं, पासवर्ड लपवलेलं एक्सपोर्ट घेतं आणि गिटमध्ये (प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साठ्यात) टाकतं. त्यासाठी वेगळा युजर केला. इथे एक गोष्ट कळली, राउटरवर आधीपासून असलेल्या रीड ग्रुपला सेन्सिटिव्ह ही परवानगी असते, म्हणजे नुसता वाचणारा युजर म्हणून दिलेला माणूस पासवर्ड पण वाचू शकतो. म्हणून आपला स्वतःचा ग्रुप केला, सेन्सिटिव्ह काढून. आता त्या मशीनवर कुणी बसलं तरी त्याच्या हातात पासवर्ड येत नाहीत. एक्सपोर्टच्या वरच्या ओळीत तारीख वेळ असते, ती गाळली नाही तर रोज काहीतरी बदलल्यासारखं दिसतं, ती गाळली. सिरियल नंबरची ओळ पण गाळली. आणि गिटमध्ये टाकायच्या आधी कॉमेंट आणि स्क्रिप्टमध्ये पासवर्ड, टोकन, पास असले शब्द सापडले तर थांबणारी एक छोटी तपासणी. पहिल्याच रात्री ती कोरेगावच्या फाइलवर थांबली, तिथेही कॉमेंटमध्ये सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा पासवर्ड होता. तोही बदलला.

मग ऑगस्टमध्ये खरी परीक्षा घ्यायची ठरवली. स्पेअर राउटर पूर्ण पुसून, लपवलेलं एक्सपोर्ट टाकून कराडमध्येच पाटण शाखा उभी करून बघायची. नाही झाली. पीपीपीओई लागेना, पासवर्डची जागा रिकामी. ते अपेक्षित होतं, हातानं टाकला. इंटरनेट आलं तरी टनेल येईना. फायरवॉल बघितला, वेळ बघितली, पोर्ट बघितलं, तास गेला. मग डोक्यात उजेड पडला. एक्सपोर्टमध्ये वायरगार्डची प्रायव्हेट की नाही, म्हणून इम्पोर्ट करताना राउटरनं स्वतःची नवीन की बनवून घेतली, कुठेही एरर न देता. हेड ऑफिस मात्र जुन्या पब्लिक कीची वाट बघतंय. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि टनेल मेलेलं.

माझा पहिला विचार होता की चला, की पण जपून ठेवायला हवी. आणि तिथेच थांबलो, कारण "जपून" हाच शब्द मला त्या ग्रुपपर्यंत घेऊन गेला होता. दोन दिवस विचार केला. ही की मला कुणी दिलेली नाही, कुणी पाठ केलेली नाही, राउटर ती फुकटात क्षणात बनवतो. मग ती ठेवायचीच कशाला? नवीन राउटर आला की नवीन की, आणि हेड ऑफिसला पिअरची एक ओळ बदलायची, बस. अ‍ॅडमिन पासवर्डचं पण तेच, नवीन डिव्हाइसला नवीन. म्हणजे ठेवावं लागतं ते फक्त दुसऱ्यांनी दिलेलं, जसं पीपीपीओईचा पासवर्ड, आणि जे बदललं तर माणसांना त्रास होतो ते, म्हणजे वायफाय. नऊ शाखांची मिळून अठरा ओळींची यादी झाली. इतकी वर्षं अख्ख्या फाइल्स बॅकअप म्हणून वाहत होतो त्यात खरं जपायचं एवढंच होतं, हे बघून मला फार मोकळं वाटलं.

त्या अठरा ओळी एज नावाच्या टूलनं एन्क्रिप्ट करून त्याच गिटमध्ये ठेवल्यात. उघडायची किल्ली म्हणजे एका ओळीचा मजकूर, कागदावर छापता येतो. एक प्रत माझ्याकडे पासवर्ड मॅनेजरमध्ये, दुसरी कागदावर, पाकिटात, लाखेनं बंद करून स्ट्राँगरूममध्ये. स्ट्राँगरूमला मुळातच दोन किल्ल्या लागतात, एक मॅनेजरांकडे आणि एक कॅशिअरकडे, दोघं असल्याशिवाय ती उघडत नाही आणि उघडली की रजिस्टरला सही. मी नसलो, गावाला असलो, उद्या काम सोडलं तरी संस्थेकडे किल्ली आहे आणि ती एकट्याच्या हातात नाही. आयटीवाले यासाठी मोठमोठी सॉफ्टवेअर सांगतात, पण पतसंस्थेतल्या लोकांना जॉइंट कस्टडी शिकवावी लागत नाही, त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त कळते.

हे सगळं चालू असताना सप्टेंबर २०२५ मध्ये सोनिकवॉल या फायरवॉल बनवणाऱ्या कंपनीची बातमी आली, त्यांच्या क्लाउडवर ग्राहकांनी ठेवलेल्या फायरवॉलच्या बॅकअप फाइल्स परक्यांच्या हाती लागल्या. आधी पाच टक्क्यांपेक्षा कमी ग्राहक म्हणाले, ऑक्टोबरमध्ये कळलं की क्लाउड बॅकअप वापरणारे सगळेच. त्याच वर्षी जानेवारीत पंधरा हजारांवर फोर्टिगेट फायरवॉलच्या कॉन्फिग फाइल्स कुणीतरी इंटरनेटवर टाकल्या होत्या, त्या २०२२ मध्ये गोळा केलेल्या होत्या. म्हणजे चोरल्यावर दोन वर्षांहून जास्त काळ कुणाकडे तरी पडून. जानेवारीत ती बातमी मी वाचली होती आणि हे मोठ्या कंपन्यांचं म्हणून पुढे गेलो होतो. सप्टेंबरची वाचताना हातातलं काम बाजूला ठेवून परत एकदा यादी तपासली.

डिसेंबरमध्ये दुसरी परीक्षा घेतली, यावेळी मी हात लावणार नाही असं ठरवून. आमच्याकडे नवीन लागलेला मुलगा आणि हेड ऑफिसच्या कॅशिअर मॅडम. मुलानं स्पेअर राउटर डिफॉल्टशिवाय (कंपनीची तयार सेटिंग न ठेवता) रीसेट करून एक्सपोर्टची फाइल चढवली, फाइलच्या सुरुवातीला पंधरा सेकंदांचा थांबा टाकायला तो विसरला नाही, नाहीतर इंटरफेस उठायच्या आधीच कमांड धावतात आणि अर्ध्या वाया जातात. मॅडम आणि मॅनेजरांनी पाकीट आणलं, लाख फोडली, रजिस्टरला वेळ लिहिली. पीपीपीओई लागलं. नवीन पब्लिक की फोनवर वाचून न दाखवता त्यानं कॉपी करून हेड ऑफिसच्या राउटरवर टाकली, हँडशेक आला. बावन्न मिनिटं. मेमध्ये मला चाळीस लागली होती.

कागद नवीन पाकिटात घालून परत आत गेला. ग्रुपवरची ती जुनी फाइल तिथेच आहे, मी मुद्दाम काढली नाही, तिच्याखाली मेसेज लिहिला की ही फाइल आता चालणार नाही, यापुढे ग्रुपवर कुणीही राउटरची फाइल टाकायची नाही, माझ्यासकट. वाई शाखेतला एक जुना प्रिंटर अजून नवीन वायफायला जोडला जात नाहीये, त्याला पुढच्या आठवड्यात केबल ओढायची आहे.